विद्यार्थ्यांनी चालवलेलं केमिस्ट्री ट्युटोरियल

कॉलेजच्या केमिस्ट्रीतला हा असा तास, की जिथे सर गणितं सोडवून दाखवत नाहीत, मुलंच सोडवतात. खडू मुलांच्या हातात आणि शिकवणारा, असलाच तर, मागच्या बाकावर. नेहमीच्या ट्युटोरियलमधेपण गणितंच असतात, पण तिथे बहुतेकदा सर बोर्डवर पाच गणितं करतात, मुलं उतरवून घेतात, वही बघून सगळं समजलंय असं वाटतं आणि परीक्षेत आकडे बदलले की मग खरं काय ते कळतं.

याचं सगळ्यात माहितीतलं रूप म्हणजे पीअर-लेड टीम लर्निंग, थोडक्यात पीएलटीएल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात जनरल केमिस्ट्रीसाठी हे सुरू झालं. सहा ते आठ जणांचा ग्रुप, आठवड्यातून एकदा दीड-दोन तास, आणि लीडर कोण तर तोच कोर्स आधी चांगला पास झालेला सीनिअर. त्याला ट्रेनिंग देतात ते मुख्यतः गप्प कसं बसायचं याचं. दुसरं रूप पोगिल (प्रोसेस ओरिएंटेड गाइडेड इन्क्वायरी लर्निंग), हे १९९४ पासूनचं आणि तेही कॉलेजच्या केमिस्ट्री विभागांतूनच निघालेलं. यात तीन-चार जणांच्या ग्रुपमधे कामं वाटलेली असतात, एक मॅनेजर, एक लिहून घेणारा, एक सगळ्यांसमोर मांडणारा, आणि शीट अशी बनवलेली असते की आधी डेटा बघायचा, मग त्यातून नियम आपणच काढायचा. पीएलटीएलमधे लेक्चर तसंच राहतं आणि हा तास त्याला जोडून येतो, पोगिलमधे मात्र अनेकदा लेक्चरचीच जागा हे घेतं.

केमिस्ट्रीतच याची एवढी गरज का, याचं उत्तर विषयातच आहे. केमिस्ट्री शिक्षणाचे अभ्यासक ॲलेक्स जॉनस्टोन यांनी १९९१ मधे मांडलं की केमिस्ट्री एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालते: डोळ्यांना दिसतं ते, रेणूंच्या पातळीवर घडतं ते, आणि कागदावरची चिन्हं व समीकरणं. शिकवणारा या तिन्हीत सहज उड्या मारतो आणि मुलांना उडी कधी मारली तेच दिसत नाही. त्याआधी १९८७ मधे नुरेनबर्न आणि पिकरिंग या अभ्यासकांनी दाखवलं होतं की वायूंची आणि स्टॉइकिओमेट्रीची (रिॲक्शनमधे किती पदार्थातून किती बनतं याच्या हिशोबाची) गणितं बरोबर सोडवणाऱ्या कितीतरी मुलांना त्याच गोष्टीचं रेणूंचं चित्र ओळखता येत नाही. म्हणजे फॉर्म्युल्यात आकडे घालणं वेगळं आणि समजणं वेगळं. दुसऱ्याला समजावताना ही फट लगेच उघडी पडते, कारण समोरचा विचारतोच, "पण इथे भागलं का?"

एक नमुना बघा. १० चा −८ घात मोलर, म्हणजे अगदी पातळ, हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पीएच किती? बोर्डवर गेलेला पहिला मुलगा फॉर्म्युला लावून ८ लिहितो, हिशोबात चूक काहीच नाही. मग बसल्या जागेवरून कोणीतरी म्हणतं, अरे पीएच ७ च्या वर म्हणजे बेसिक, मग ॲसिड पाण्यात टाकलं आणि ते बेसिक झालं? इथून पुढची दहा मिनिटं सोन्यासारखी असतात, कारण पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरायचे राहिले हे कोणीतरी शोधतं, मग वर्गसमीकरण येतं आणि उत्तर ६.९८ च्या आसपास निघतं. सरांनी हेच तीन मिनिटांत सांगितलं असतं, आणि तीन मिनिटांतच ते विसरलंपण गेलं असतं.

अडचणी आहेतच. हुशार मुलगा एकटाच सोडवतो आणि बाकीचे कॉपी करतात, हा नेहमीचा रोग. म्हणून काही ठिकाणी खडू आळीपाळीने फिरवतात किंवा लिहिणारा एक आणि सांगणारा दुसरा असं ठेवतात. लीडर कच्चा असेल तर चुकीची पद्धतच पक्की होते. आणि गणित फार सोपं दिलं तर बोलायला काही उरत नाही, फार अवघड दिलं तर सगळे शांत.

फायदा होतो का? एकट्या या पद्धतीचा नाही, पण वर्गात मुलांना काम करायला लावणाऱ्या सगळ्याच पद्धतींचा मोठा आढावा २०१४ मधे स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी घेतला, २२५ अभ्यासांचा, विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणित धरून. नुसत्या लेक्चरच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के नापास, मुलांना काम करायला लावणाऱ्या वर्गात २१.८.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते उत्तरांच्या कागदावरून. पीएलटीएलमधे आन्सर की देतच नाहीत आणि मुलं यावर सुरुवातीला भयंकर वैतागतात. पण मग तपासायचं कसं? समजा २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ४ ग्रॅम हायड्रोजनपासून अमोनिया करायचाय. हायड्रोजन आधी संपतो, अमोनिया २२.७ ग्रॅम मिळतो, नायट्रोजन ९.३ ग्रॅम उरतो. बेरीज करा, ३२ येते, घातले होते तेवढेच, म्हणजे हिशोब की शिवायच तपासून झाला.