डिलीट झालेली पाणंद

जानेवारीत ऊस तुटला की करवीर तालुक्यातल्या पाणंदी मोकळ्या होतात. तेव्हा जीपीएस चालू ठेवून मी एक पाणंद डांबरी रस्त्यापासून ओढ्यापर्यंत चाललो आणि ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा खुल्या ऑनलाइन नकाशावर, काढली. पावसाळ्यात बघतो तर नाहीच. परगावच्या कुणीतरी ‘उपग्रहाच्या चित्रात रस्ता दिसत नाही’ एवढं लिहून ती डिलीट केली होती. चित्र होतं उभ्या उसाच्या दिवसांतलं. दोन्ही बाजूंचा ऊस गाडीवाटेवर झुकला की वरून नुसतं हिरवं दिसतं.

मित्र म्हणाले, गेलं ते गेलं, पुन्हा काढ. डिलीट म्हणजे पाटी पुसणं, असंच बहुतेकांना वाटतं. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या या नकाशात मात्र तसं होत नाही, आणि त्याची रचना मला फार आवडते.

माझ्या पाणंदीला २३ बिंदू होते. प्रत्येक बिंदूला, म्हणजे नोडला, स्वतःचा क्रमांक, अक्षांश-रेखांश आणि आवृत्ती असते. रेषेजवळ, म्हणजे ‘वे’जवळ, जागेची माहिती नसतेच, कुठल्या नोडनंतर कुठला, एवढी यादी असते. डिलीट केल्यावर ‘वे’ची दुसरी आवृत्ती तयार होते आणि तिच्यावर ‘दिसत नाही’ असा शिक्का बसतो. पहिली आवृत्ती जागेवरच राहते. २२ नोडांचंही तसंच झालं. तेविसावा वाचला, कारण तो डांबरी रस्त्यातही होता. दुसऱ्या रेषेला लागणारा नोड सर्व्हर डिलीट करू देत नाही.

परत आणताना क्रम पाळावा लागतो. आधी २२ नोड तिसऱ्या आवृत्तीत जिवंत करायचे, मग ‘वे’. उलट केलं तर यादीतले क्रमांक नसलेल्या बिंदूंकडे बोट दाखवतील, म्हणून सर्व्हर नकार देतो. शिवाय प्रत्येक बदलासोबत सध्याची आवृत्ती कळवावी लागते. मधल्या काळात कुणी डांबरी रस्ता सरळ करताना तो तेविसावा नोड हलवला असेल आणि मी जुनीच आवृत्ती सांगितली, तर सर्व्हर ती स्वीकारत नाही. त्यामुळे दुसऱ्याचं काम नकळत तुडवलं जात नाही. पाणंद नव्यानं काढली असती तर तिला नवा क्रमांक मिळाला असता आणि जुना इतिहास तिच्यापासून तुटला असता. जुन्या आवृत्त्या मोठ्या प्रमाणावर झाकल्या गेल्या त्या २०१२ साली नकाशाच्या माहितीचा परवाना बदलला तेव्हा, ज्यांनी संमती दिली नव्हती त्यांच्या.

म्हणून माझं मत असं, की डिलीट करणाऱ्यानं काढणाऱ्यापेक्षा जास्त पुरावा द्यावा. चेंजसेटवर, म्हणजे एकत्र पाठवलेल्या बदलांच्या नोंदीवर, एक प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. भांडण मिटलंच नाही तर असे वाद सोडवणारा डेटा वर्किंग ग्रुप आहे, पण तिथवर जायची वेळ सहसा येऊ नये. आता एआय उपग्रहाच्या चित्रावरून सगळे रस्ते स्वतःच ओळखेल अशी जाहिरात ऐकू येते. चित्रात जे उमटलेलंच नाही ते यंत्र कुठून ओळखणार? उसाखालची वाट पायानंच सापडते.

डिलीट करणं चूकच असतं असंही नाही. कोल्हापुरातलं गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ तळं. एका नव्या सदस्यानं तिथं तळं काढलं होतं. आज जमिनीवर जे आहे तेच या नकाशात, हा इथला नियम. त्याला आधी विचारलं, मैदानाचे फोटो पाठवले, आणि त्याच्या होकारानंतर मी ते तळं काढून टाकलं. लुप्त झालेल्या जागांसाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप वेगळा आहे. तिथं काढायला मी त्याला मदत केली.

पाणंदीच्या बाबतीतही तसंच केलं. त्या सहकाऱ्याला माझा जीपीएसचा माग आणि तोडणीनंतरचे फोटो दाखवले. रिव्हर्ट, म्हणजे केलेला बदल उलटवणं, त्यानंच केलं. पाणंद आता तिसऱ्या आवृत्तीत आहे, आणि टिपेच्या टॅगमध्ये मी लिहिलंय : ‘ऊस उभा असताना वरून दिसत नाही. डिलीट करू नये.’