खिडकीतल्या फोनाचा रिचार्ज: दर वाढले, त्याआधी खालच्या पायऱ्या गेल्या

कोकणातल्या वाड्यांमध्ये एक दृश्य नेहमीचं आहे. बटणांचा साधा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून पडवीच्या खिडकीच्या गजाला टांगलेला असतो. रेंज तेवढ्या हातभर जागेत येते, माजघरात नेला की जाते. या फोनवरून कॉल करणं कमी आणि घेणं जास्त: मुंबईचा मुलगा, गॅसचा मेसेज, बँकेचा ओटीपी. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तो चालू ठेवायला जवळजवळ काहीच लागत नसे. आज जिओ किंवा एअरटेलच्या सिमवर त्याला वर्षाला 1,800 रुपयांच्या वर मोजावे लागतात. डेटा महागल्याची ओरड सगळीकडे आहे आणि ती खरीच आहे. पण कोकणातल्या घरांना जास्त चिमटा बसला तो प्लानचा ढाचाच बदलल्यामुळे.

भारतात पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. तेव्हा मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. 1 मे 2003 पासून इनकमिंग फुकट झालं. पुढे 2005 च्या डिसेंबरात 999 रुपयांचे ‘लाइफटाइम’ प्लान आले. एकदा पैसे भरायचे, मग लागेल तसा छोटा टॉप-अप मारायचा. चाकरमान्यांना हे फार सोयीचं पडलं, आणि त्याचं एक कारण सर्कलच्या, म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेल्या विभागांच्या, रचनेत आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, कल्याण हे एक वेगळं सर्कल. तिथून पुढचा रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतो. मुंबईचं सिम घेऊन गावी आलं की रोमिंग लागे, आलेल्या फोनलाही पैसे कापले जात. म्हणून अनेकांनी एक ‘गावचं सिम’ घेऊन ठेवलं. ते गणपतीत आणि शिमग्याला बाहेर निघे, एरवी आईवडिलांकडे असे.

डेटाची किंमत या काळात वेगळ्याच पातळीवर होती. 2जीच्या दिवसांत 10 केबीला 10 पैसे हा सर्रास दर होता, म्हणजे एका एमबीला सुमारे 10 रुपये. सरकारी आकड्यांप्रमाणे 2014 मध्ये 1 जीबीची सरासरी किंमत सुमारे 269 रुपये होती. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ आलं, मार्च 2017 पर्यंत सगळं फुकट वाटलं गेलं, आणि त्यानंतर ‘रोज 1 जीबी’ हा नवा साचा रूढ झाला. त्याआधी ग्राहक महिन्याचा डेटा घेई आणि हवा तेव्हा वापरी. आता रात्री 12 वाजता उरलेला डेटा बुडतो. दिवसभर बागेत किंवा होडीवर असलेल्या माणसाचा बहुतेक कोटा असाच वाया जातो आणि मुंबईहून मुलं आली की तोच कोटा दुपारीच संपतो. संपल्यावर स्पीड 64 केबीपीएसवर येतो. त्यावर व्हॉट्सॲपचा मजकूर कसाबसा जातो, यूपीआयचं पेमेंट मात्र अनेकदा मध्येच लटकतं.

या दरयुद्धात बहुतेक कंपन्या संपल्या. एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटा डोकोमो एअरटेलमध्ये विरली, 31 ऑगस्ट 2018 रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. 24 ऑक्टोबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एजीआरचा, म्हणजे सरकारला द्यायच्या महसुली वाट्याचा, निकाल कंपन्यांच्या विरोधात दिला. थकबाकी सुमारे 92 हजार कोटींची निघाली. खासगी कंपन्या तीनच उरल्या होत्या आणि दर ठरवायची मोकळीक ट्राय या दूरसंचार नियामकाने त्यांना आधीच दिलेली होती. डिसेंबर 2019 मध्ये तिघींनी एकाच आठवड्यात दर वाढवले.

वाढ किती झाली ते एकाच प्लानवरून दिसतं. जिओचा 84 दिवस, रोज दीड जीबीचा प्लान त्या वाढीआधी 399 रुपयांना होता. मग तो 555 झाला, डिसेंबर 2021 मध्ये 666, जुलै 2024 मध्ये 799. पाच वर्षांच्या आत दुप्पट.

पण खिडकीतल्या फोनाचा हिशेब दीड जीबीचा नाहीच. त्याचा हिशेब सर्वांत खालच्या पायरीचा आहे, आणि ती पायरी सतत वर सरकत गेली. 2018 च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने 35 रुपयांचा किमान मासिक रिचार्ज लावला आणि ‘लाइफटाइम’चा अर्थ संपला. गावची कितीतरी सिमं तेव्हाच बंद पडली. एअरटेलची किमान रक्कम पुढे 45, 79, 99, 155 अशी चढत गेली. जुलै 2024 पासून 28 दिवसांच्या साध्या प्लानला 199 रुपये पडतात. त्यात 2 जीबी डेटा येतो, जो बटणांच्या फोनला लागतच नाही. ऑगस्ट 2025 मध्ये रोज 1 जीबीचे 249 रुपयांचे प्लानही जिओ आणि एअरटेलच्या ॲपवरून गेले.

28 दिवसांचा ‘महिना’ ही दुसरी गोम. 28 गुणिले 13 म्हणजे 364, म्हणून वर्षाला 12 नव्हे तर 13 रिचार्ज होतात. जानेवारी 2022 मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला किमान एक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लान ठेवायला लावलं. दुकानात तो मागितल्याशिवाय सहसा कोणी दाखवत नाही. 84 दिवसांच्या प्लानची तारीखही आधी मोजून घ्यावी. मिरगाला, 7 जूनला मारलेला रिचार्ज 29 ऑगस्टला संपतो. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला बसले, म्हणजे ऐन सणात आउटगोइंग बंद.

5जीचा फायदा कोकणात अर्धवट आहे. जुलै 2024 पासून जिओ आणि एअरटेलकडे अमर्याद 5जी साधारणपणे रोज 2 जीबी किंवा त्यावरच्या प्लानवर मिळतं. उंच फ्रिक्वेन्सीच्या लहरी डोंगराआड पोचत नाहीत. बाजारपेठेत आणि सड्यावर 5जी दिसतं, खाली खोऱ्यातल्या वाडीत फोन 4जीवर येतो, आणि 4जीवरचा वापर रोजच्या कोट्यातून कापला जातो. अशा घराने 5जीसाठी वरचा प्लान घेणं म्हणजे न मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे भरणं.

खालची पायरी थोडी परत आली ती डिसेंबर 2024 मध्ये. ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले प्लान सक्तीचे केले आणि विशेष रिचार्जची कमाल मुदत 90 वरून 365 दिवसांवर नेली. जानेवारी 2025 मध्ये जिओने 84 दिवसांसाठी 448, तर एअरटेलने 469 रुपये दर लावला. वर्षाचा प्लान एअरटेलकडे 365 दिवसांना 1,849, जिओकडे 336 दिवसांना 1,748. या दोन आकड्यांत स्वस्त दिसणारा 29 दिवस आधी संपतो. दिवसाच्या हिशेबाने तोच महाग आहे. जिओभारत या जिओच्या बटणांच्या फोनाचे प्लान याहून स्वस्त असले तरी ते फक्त त्याच हँडसेटमध्ये चालतात.

बीएसएनएलकडे जावं का, हा प्रश्न जुलै 2024 च्या दरवाढीनंतर घरोघरी निघाला. त्या एका महिन्यात देशभरात तिचे सुमारे 29 लाख ग्राहक वाढले. कोकणात मात्र दराआधी टॉवर पाहावा. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर किनाऱ्यावरच्या गावांनी दिवसेंदिवस बिनरेंजचे काढले. वीज गेली की बॅटरी किंवा जनरेटर संपेपर्यंतच टॉवर चालतो. शेजाऱ्याचं सिम आपल्या खिडकीत आणून, पावसाच्या दिवशी वीज गेलेली असताना तासाभराने रेंज टिकते का ते बघावं.

पोर्ट करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, ठरलं तर ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून, पुढे मोबाइल नंबर टाकून 1900 ला एसएमएस करायचा. चालू प्लानमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जायलाच हवा, असं ट्रायने डिसेंबर 2021 मध्ये बजावलं आहे. आलेला कोड 4 दिवस चालतो. सध्याच्या कंपनीकडे किमान 90 दिवस झालेले असावे लागतात, आणि हरवलेलं सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर 7 दिवस थांबावं लागतं.