किलोवर विकलं जाणारं लाकूड

इमारती लाकूड घनमापात मोजायचं, ही बाजाराची रीत. कारेलियन बर्चला ती लागू नाही. रशियातलं कारेलिया आणि शेजारचं फिनलंड इथे या झाडाचं खोड थेट काट्यावर चढतं आणि किलोच्या भावाने जातं. खोड सरळ असतंच कुठे! मध्येच फुगलेलं, मध्येच आवळलेलं, कधी जमिनीपासूनच फाटे फुटलेलं. त्याचं माप काढायचं तरी कसं? शिवाय मूठभर तुकडाही वाया जात नाही. त्याची सुरीची मूठ होते.

असा एक तुकडा गुळगुळीत घासून त्यावर तेलाचा हात फिरवा. फिकट लाकूड मधाच्या रंगावर येतं आणि आत तपकिरी फराटे उमटतात, कुणी बोरूने स्वल्पविराम शिंपडावेत तसे. तुकडा दिव्याखाली जरा तिरपा केला की उजळ पट्टा मावळतो आणि शेजारचा झळकतो. बोटाला पृष्ठभाग सपाट लागतो, डोळ्याला मात्र लाटा दिसतात. आतले तंतू सरळ न जाता नागमोडी गेलेले असतात. जिथे तंतूची कूस वर येते तिथून उजेड परततो, जिथे तो टोकाने वर येतो तिथे उजेड आत मुरतो. सुताराला हीच गोष्ट जाच वाटते. तंतूंची दिशा बोटाबोटावर बदलत असल्याने रंधा कुठल्याही बाजूने मारा, कुठेतरी लाकूड उचकटतंच.

हे झाड म्हणजे युरोपात सर्रास आढळणाऱ्या रुपेरी बर्चचाच एक प्रकार. (‘बर्च’ आणि आपला ‘भूर्ज’ हे शब्द एकाच मुळातून आलेले, भूर्जपत्रं देणारं झाडही याच कुळातलं.) साध्या बर्चचं लाकूड सरळ रेषांचं, फिकट, जरा कंटाळवाणंच. मग याच्या अंगात हे काय शिरलं?

पूर्वी संशय एका माशीच्या अळीवर होता. तो अगदी निराधार नव्हता. बर्चमध्ये अशी अळी खरोखरच सालीखाली बोगदे पाडते आणि त्यांचे तपकिरी डाग लाकडात राहतात. पण ते डाग साध्या बर्चमध्येही सापडतात. कारेलियन बर्चची नक्षी झाड स्वतःच घडवतं. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कॅम्बियम नावाचा पेशींचा पातळ थर असतो. तिथे जन्मलेल्या पेशी एरवी लांबट होतात, जाड भिंती बांधतात आणि लाकूड बनतात. या झाडात त्यांतल्या काही पेशी लांब होतच नाहीत. त्या आखूड, पातळ भिंतीच्या, साठवणीच्या पेशी म्हणून राहतात आणि तपकिरी पडतात. तेच ते स्वल्पविराम. कारेलियाची राजधानी पेत्रोझावोद्स्क इथल्या वनसंशोधन संस्थेतल्या ल्युदमिला नोवित्स्काया यांनी याचा संबंध साखरेशी लावला. पानांतून खाली येणारी साखर साध्या बर्चमध्ये मुख्यतः पेशीभिंतीच्या सेल्युलोजसाठी खर्च होते. इथे मात्र तिचं विघटन वेगळ्या वाटेने होतं आणि पेशींना मिळणारा निरोपच बदलतो. थोडक्यात, लाकूड व्हायचं राहून गेलेल्या पेशींना आपण सौंदर्य म्हणतो.

हा गुण आनुवंशिक आहे, तरी हमखास नाही. दोन नक्षीदार झाडांचा संकर केला तरी पोरांपैकी साधारण दोन तृतीयांशच आईबापांवर जातात. म्हणून फिनलंडमध्ये ऊतिसंवर्धनाने निवडक झाडांच्या हुबेहूब प्रती तयार करून लावतात. तिथे या लाकडाला ‘विसा’ म्हणतात. झाड सावकाश वाढतं आणि त्याला भरपूर ऊन लागतं; साध्या बर्चच्या गर्दीत ते मागे पडतं. खोड स्वच्छ राहावं म्हणून फांद्या बारीक असतानाच छाटाव्या लागतात, नाहीतर जखमेतून कूज शिरते.

अशा आखूड ओंडक्यांतून मोठ्या फळ्या निघत नाहीत. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या रशियन खुर्च्या-कपाटांवर बहुधा याचं व्हेनियर (वरून चिकटवलेला पातळ थर) दिसतं, आत दुसरंच लाकूड. ओंडका फिरवत कांद्याच्या पापुद्र्यासारखा सोलला की नक्षी सर्वांत खुलते. झारच्या दरबाराचे जवाहिरे फॅबर्जे यांच्या कारागिरांनी त्याच्या पेट्या आणि चौकटी केल्या. १९१७ च्या ईस्टरला झारने आपल्या आईला भेट द्यायचं शोभेचं अंडंसुद्धा याच लाकडाचं ठरलं होतं, सोन्याच्या चौकटीत बसवलेलं. ईस्टर उजाडायच्या आतच झारची गादी गेली.