पिलाताने धुतलेले हात

इंग्रजीत एखाद्या प्रकरणातून कोणी हात धुतले असं म्हणतात, तेव्हा त्याने त्यातून अंग काढून घेतलं, असा अर्थ असतो. आपण त्याला हात झटकणं म्हणतो. इंग्रजीतल्या या हात धुण्यामागे मात्र एक खटला आहे.

बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत; त्यांपैकी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 27 व्या अध्यायात तो येतो. यरुशलेममध्ये यहुद्यांचा वल्हांडणाचा सण, शहरात गर्दी. रोमन सुभेदार पिलात याच्यापुढे येशू उभा आहे आणि जमाव वधस्तंभाची मागणी करतोय. दंगल पेटणार असं दिसताच पिलात पाणी मागवतो, सगळ्यांदेखत हात धुतो आणि म्हणतो की या रक्ताबाबत मी निर्दोष, तुमचं तुम्ही बघा. त्यानंतर त्याच माणसाला फटके मारवून तो वधस्तंभावर द्यायला सोपवतो. चार शुभवर्तमानांपैकी हात धुण्याचा प्रसंग एकट्या मत्तयमध्ये आहे.

ही खूण मत्तयच्या यहुदी वाचकांच्या ओळखीची होती. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात तिचा विधी दिला आहे. रानात प्रेत सापडलं आणि मारेकरी कळला नाही, तर आधी अंतर मोजून सर्वांत जवळचं गाव ठरवायचं. त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी कधी जुंपली न गेलेली कालवड वाहत्या ओढ्याकाठी, नांगर न फिरलेल्या जमिनीवर न्यायची, तिची मान मोडायची आणि तिच्यावर हात धुऊन सांगायचं, ‘आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही.’ खुनी सापडत नसला तरी मेलेल्या माणसाची दखल गावाने घ्यायचीच, हा त्यामागचा भाव मला फार मोठा वाटतो. पिलाताने त्यातलं फक्त पाणी उचललं. इथे मरणारा समोर उभा होता आणि हुकूम पिलाताच्याच तोंडून निघायचा होता.

पिलात इतिहासातला खराच माणूस. इ.स. 26 ते 36 या काळात तो यहूदिया या रोमन प्रांताचा कारभार पाहत होता. त्याचं नाव कोरलेला शिलालेख 1961 मध्ये कैसरिया इथे सापडला. फिलो आणि जोसेफस हे त्या शतकातले लेखक त्याला कठोर ठरवतात, आणि शोमरोनी (शेजारच्या शोमरोन भागातल्या) लोकांच्या कत्तलीनंतरच त्याला रोमला परत बोलावलं गेलं.

त्याने झटकलेला दोष दुसऱ्यांच्या माथी बसला, ही या कथेतली सर्वांत वेदनादायक गोष्ट. ‘याचं रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर’ हे जमावाच्या तोंडचं पुढचंच वचन शतकानुशतकं यहुद्यांच्या छळासाठी वापरलं गेलं. त्या मृत्यूचा ठपका सरसकट सगळ्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही, असं कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1965 मध्ये, स्पष्ट केलं. पिलाताचं नाव मात्र ख्रिस्ती लोक उपासनेत म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीत राहिलंच. वसईच्या चर्चमध्येही ते मराठीतून उच्चारलं जातं.

इंग्रजीत ही कथा बायबलच्या भाषांतरांनी घरोघरी नेली. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ नाटकात रिचर्डच्या भावाला, क्लॅरन्सला, मारल्यावर एक मारेकरी म्हणतो, पिलातासारखे या खुनातून हात धुता आले तर किती बरं होईल! तिथे पिलाताचं नाव सोबत आहे आणि खूनही आहे. पुढे बोलीत दोन्ही गळून पडलं. आज इंग्रजी बोलणारा माणूस न जमलेल्या भागीदारीतून किंवा न ऐकणाऱ्या पुतण्यापासूनही हात धुतो.