टिळकवाडीच्या गेटावरून: वारा कापणाऱ्या नाकाच्या गाड्या स्वस्तात कशा आल्या

सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत बेळगाव-मिरज मार्गे धावू लागली, आणि टिळकवाडीच्या रेल्वे गेटावर खोळंबलेली माणसं तिचं नाक बघायला स्कूटरवरून उतरू लागली. तेव्हापासून रेल्वेवेड्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला आहे: हिचं मॉडेल घरी, बेताच्या पैशांत होईल का? होतं. पण कसं, ते कळायला नव्वद वर्षं मागं जावं लागतं.

वारा कापणाऱ्या आकाराच्या गाड्या, म्हणजे स्ट्रीमलाइन्ड गाड्या, मंदीच्या दिवसांत आल्या. अमेरिकेत प्रवासी मोटारी आणि बसकडे वळले होते; त्यांना परत आणायला हलकी, वेगवान, दिसायला नवीकोरी गाडी हवी होती. जर्मनीनं १९३३ मध्ये बर्लिन-हॅम्बुर्गदरम्यान दोन डब्यांची डिझेल गाडी सोडली; २८६ किलोमीटर ती १३८ मिनिटांत जायची. पुढच्याच वर्षी अमेरिकेत युनियन पॅसिफिकची अ‍ॅल्युमिनियमची एम-१०००० आणि बर्लिंग्टनची स्टेनलेस स्टीलची झेफर रुळांवर आली. २६ मे १९३४ रोजी झेफर पहाटे डेन्व्हरहून निघाली आणि १३ तास ५ मिनिटांत, कुठंही न थांबता, शिकागोला पोचली. अंतर सुमारे १,६३३ किलोमीटर.

या पहिल्या गाड्यांची एक गोष्ट मॉडेलवाल्यानं नीट बघावी. वजन वाचवण्यासाठी शेजारच्या दोन डब्यांना मध्ये एकच बोगी दिलेली होती. (आपण डब्यालाच बोगी म्हणतो, इथं बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट.) त्यामुळं जर्मन गाडीच्या दोन डब्यांना तीन बोग्या पुरल्या, झेफरच्या तीन डब्यांना चार. घरी मॉडेल करताना डब्याचा सांगाडा पुठ्ठ्याचा चालतो, पण चाकं आणि बोग्या विकतच आणाव्या लागतात, आणि खर्च तिथंच होतो. म्हणून माझ्या मते सुरुवात करणाऱ्यानं १९३४ ची झेफर करावी. पूर्ण गाडी, तीन डबे, चार बोग्या. लांबीत काटछाट नाही, म्हणून खोटेपणाही नाही.

खेळणी करणारेही मागं राहिले नाहीत. लायोनेलनं एम-१०००० चं मॉडेल १९३४ मध्येच बाजारात आणलं. इंग्लंडमध्ये हॉर्नबी डब्लो १९३८ साली सुरू झाली ती गोल नाकाच्या ए-४ इंजिनानं; त्याच वर्षी ३ जुलैला खऱ्या ए-४ वर्गातल्या ‘मॅलार्ड’नं वाफेच्या इंजिनाचा ताशी २०३ किलोमीटरचा विक्रम केला. पण ही खेळणी पत्र्याची, ओतीव धातूची. सामान्य घरात ती शिरली युद्धानंतर, साच्यातलं प्लॅस्टिक आल्यावर.

तोवर खऱ्या गाड्या लांबल्या होत्या. अमेरिकेतल्या सांता फे रेल्वेची सुपर चीफ १९३७ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या डब्यांची झाली, आणि ८५ फुटी डबा अमेरिकेत रूढ झाला. एचओ प्रमाणात, म्हणजे ८७ पट लहान, तो जवळजवळ ३० सेंटिमीटर भरतो. घरातल्या टेबलावर बसणारं नेहमीचं वळण १८ इंच त्रिज्येचं. त्यावर असा डबा मधोमध १२ मिलिमीटर आत झुकतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या एक तृतीयांश. सिग्नलचा खांब पडतो, शेजारच्या रुळावरची गाडी घासते. त्यावर अमेरिकन कंपन्यांनी उपाय काढला तो डबा आखूड करण्याचा. अ‍ॅथर्नचे निळ्या खोक्यातले डबे साधारण ७२ फुटांच्या मापाचे होते. जाणकारांनी नाकं मुरडली, तरी अनेक घरांतल्या लेआउटवर (टेबलावर मांडलेल्या रुळांवर) धावले ते हेच डबे.

आता आपल्याकडचं माप बघा. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत (आयसीएफ) २०१८ पर्यंत बनलेला आयसीएफ डबा २१.३ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये २४५ मिलिमीटर. तो अमेरिकन आखूड डबा २५० च्या आसपास. तिथं जी तडजोड होती, ती इथं जवळपास खरं माप ठरते! जुना आखूड डबा हाती लागला तर खिडक्या आणि टोकं बदलून आपला डबा उभा राहतो.

बेळगावच्या रुळांवर मात्र वाफेच्या काळात गोल नाक कधी आलंच नाही. सदर्न मराठा रेल्वेनं १८८० च्या दशकात इथं मीटर गेज (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला मार्ग) घातला आणि तो १९९० च्या दशकापर्यंत टिकला. तेव्हा इथं वायपी, वायजी वर्गांची इंजिनं धावायची, सपाट तोंडाची, साधी. बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचं डब्ल्यूपी इंजिन १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्याकडून आलं ते ब्रॉडगेजसाठी, म्हणजे रुंद मार्गासाठी. आपल्यासाठी ब्रॉडगेज म्हणजे मिरज, जिथं एकेकाळी तिन्ही गेज एकत्र नांदायचे. जुन्या मिरज स्टेशनाचं मॉडेल कुणीतरी करायलाच हवं, असं मला फार वाटतं.

वंदे भारतकडे परत येऊ. तिच्या प्रत्येक डब्याला स्वतःच्या दोन बोग्या आहेत. आठ डबे म्हणजे सोळा. घरी तीन डबे करावेत: दोन नाकाचे, एक मधला. डब्याची लांबी २७० मिलिमीटरच्या आसपास धरावी. बाजूंना फ्लेक्सवाल्याकडचे सनबोर्डचे तुकडे, छताला ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपची उभी चीर. खरी अडचण नाकाची. तिथं बेळगावकर नशीबवान आहे, कारण उद्यमबागेतल्या फाउंड्यांसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) करणारे हात याच गावात आहेत. वक्र आकार लाकडात कसा काढायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. एक नाक कोरून घ्यावं, रबराचा साचा करावा आणि रेझिनमध्ये हवी तितकी ओतावीत.

वजन विसरू नये. सनबोर्डचा डबा फार हलका होतो आणि सांध्यावर उडतो. अमेरिकन मॉडेलवाल्यांच्या संघटनेचा ठोकताळा आहे: डब्याला एक औंस, शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा. आपल्या डब्याला ते १८० ग्रॅम होतात. लोखंडी वायसर दोन्ही बोग्यांच्या वर, अगदी तळाशी चिकटवावेत.