चॅपेल रोन: ग्रॅमीच्या आधीची दहा वर्षं

२ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये संगीतासाठीच्या ग्रॅमी पुरस्कारांतला 'सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार' हा पुरस्कार चॅपेल रोन या अमेरिकन पॉप गायिकेला मिळाला. आभाराचे शब्द झाल्यावर तिने हातातल्या वहीतून एक मागणी वाचून दाखवली: रेकॉर्ड कंपन्या कलाकारांच्या जिवावर लाखो डॉलर कमावतात, तर त्यांनी नव्या कलाकारांना जगण्यापुरतं मानधन आणि आरोग्यविमा द्यावा. करारावर सही केली तेव्हा आपण अल्पवयीन होतो, कंपनीने काढलं तेव्हा दुसऱ्या कुठल्याच कामाचा अनुभव नव्हता आणि करोनाच्या काळात विमा परवडत नव्हता, असंही तिने सांगितलं.

त्यावरून वाद झालाच. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानुसार २६ व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यात नाव ठेवता येतं आणि कंपनीने काढलं तेव्हा ती २२ वर्षांची होती, हा आक्षेप पुढे आला. तो अगदीच फोल नाही. पण मुद्दा तिच्या एकटीच्या विम्यापुरता नव्हता. तिने स्वतःचे २५,००० डॉलर बॅकलाइन या संगीत क्षेत्रातल्या लोकांना आधार देणाऱ्या संस्थेला दिले आणि चार्ली एक्ससीएक्स, नोआ कहान या गायकांनीही तेवढेच घातले. हा राग कुठून आला, हे समजायला २०१५ पर्यंत मागे जावं लागतं.

तिचं खरं नाव केली रोझ अ‍ॅमस्टट्झ. जन्म १९ फेब्रुवारी १९९८ चा, मिसुरी राज्यातला. स्प्रिंगफील्ड शहराच्या लगतच्या विलर्ड या छोट्या गावात ती वाढली. घरचा जनावरांचा दवाखाना, चार भावंडांत ही थोरली, आणि आठवड्यातून तीनदा चर्च. गाण्याचं वेड शाळेपासूनचं. उन्हाळी कला शिबिरात लिहिलेलं 'डाय यंग' हे गाणं तिने २०१४ मध्ये यूट्यूबवर टाकलं, ते कंपन्यांच्या कानावर गेलं आणि १७ व्या वर्षी अटलांटिक रेकॉर्ड्सशी करार झाला. २०१६ मध्ये आजोबा डेनिस चॅपेल मेंदूच्या कर्करोगाने गेले. त्यांचं आडनाव तिने रंगमंचासाठी घेतलं. 'रोन' आलं ते त्यांच्या आवडत्या 'द स्ट्रॉबेरी रोन' या जुन्या काउबॉय गाण्यातून. ते गाणं पाठीवर कुणालाही टिकू न देणाऱ्या एका घोड्याचं आहे. पुढचं सगळं पाहता नाव शोभून दिसतं!

असा करार म्हणजे नोकरी नव्हे. कंपनी आगाऊ पैसे देते आणि रेकॉर्डिंगचा खर्चही उचलते, पण हे सगळं कलाकाराच्या रॉयल्टीतून वळतं होईपर्यंत त्याच्या हाती रॉयल्टी पडत नाही. आपल्याकडे ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतात त्याच जातीचा हा व्यवहार. फरक एवढाच, की कंपनीने कलाकाराला सोडलं तर फिटायची राहिलेली रक्कम ती सहसा परत मागत नाही. पगार नाही आणि पगाराबरोबर येणारा विमाही नाही. कोणतं गाणं कधी बाहेर काढायचं, यातही शब्द कंपनीचा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला करारावर सही करताना यातलं किती कळणार?

'गुड हर्ट' हे गाणं आणि 'स्कूल नाइट्स' हा मोजक्या गाण्यांचा छोटा संग्रह २०१७ मध्ये आले. संथ, उदास, काळोखी सूर. आवाज जबरदस्त, पण तेव्हा अशा उदास पॉपची लाट होती आणि त्या गर्दीत ही वेगळी उठून दिसली नाही. २०१८ मध्ये ती लॉस एंजेलिसला राहायला आली. वेस्ट हॉलिवूडमधल्या 'द अ‍ॅबी' या समलिंगींच्या क्लबमध्ये गेली, तिथल्या नर्तकांना मोकळेपणी नाचताना पाहिलं आणि तिचं लिहिणंच पालटलं. डॅन निग्रो या निर्मात्याबरोबर 'पिंक पोनी क्लब' तयार झालं: लहान गावातली मुलगी शहरातल्या क्लबात नाचते आहे, आणि आईला ते कळलं तर तिला काय वाटेल याची जाणीव तिच्या मनात आहे.

कंपनी या गाण्याबद्दल साशंक होती. ते बाहेर आलं ३ एप्रिल २०२० ला, म्हणजे जगभरचे क्लब कुलूपबंद असताना. ऑगस्टमध्ये अटलांटिकने तिला सोडलं आणि चार वर्षांचं प्रेमप्रकरणही त्याच सुमारास संपलं. ती मिसुरीला आईवडिलांकडे परतली, ड्राइव्ह-थ्रूच्या (गाडीत बसूनच खाणंपिणं घेता येतं अशा दुकानाच्या) खिडकीत काम केलं. काही महिन्यांत पुन्हा लॉस एंजेलिस. तिथे मुलं सांभाळणं, डोनटच्या दुकानात काम करणं अशी पडेल ती कामं. निग्रो या काळात ऑलिव्हिया रॉड्रिगो या तरुण गायिकेबरोबर काम करत होता. २०२१ च्या जानेवारीत त्या दोघांचं 'ड्रायव्हर्स लायसन्स' हे गाणं आलं आणि निग्रोला एकदम मागणी आली.

नशिबाचा भाग इथे मान्य करायलाच हवा. रॉड्रिगोच्या यशाने निग्रोचं वजन वाढलं आणि त्याने रोनला सोडलं नाही. २०२२ मध्ये ती कुठल्याही कंपनीशिवाय 'नेकेड इन मॅनहॅटन' आणि पुढची गाणी काढू लागली. ड्रॅग कलाकारांसारखा (भडक स्त्रीवेश करून मंचावर येणाऱ्या, बहुधा पुरुष कलाकारांसारखा) पांढराफटक मेकअप, चमचमते कपडे, प्रत्येक कार्यक्रमाला प्रेक्षकांसाठीही वेशभूषेची ठरलेली कल्पना, आधी मंचावर त्या-त्या शहरातले ड्रॅग कलाकार. २०२३ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सच्या छत्राखालच्या निग्रोच्या अम्यूझमेंट या छोट्या रेकॉर्ड कंपनीशी तिने करार केला आणि २२ सप्टेंबरला पहिला अल्बम आला. त्यात 'पिंक पोनी क्लब' होतंच.

अल्बम आल्या आल्या धमाका वगैरे झाला नाही. २०२४ च्या सुरुवातीला रॉड्रिगोच्या दौऱ्यात तिच्या आधी गाताना रोज हजारो नवे श्रोते मिळाले, एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातला कोचेला हा मोठा संगीत महोत्सव झाला आणि त्याच महिन्यात 'गुड लक, बेब!'ने तिला अमेरिकेतल्या सर्वांत लोकप्रिय गाण्यांच्या, बिलबोर्डच्या 'हॉट १००' यादीत पहिल्यांदा नेलं. ग्रॅमीनंतर 'पिंक पोनी क्लब' त्या यादीत पहिल्या दहांत शिरलं आणि मार्च २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. प्रकाशित होऊन तेव्हा जवळजवळ पाच वर्षं झाली होती.