पापणी उचलण्याची शस्त्रक्रिया (टोसिस सर्जरी)

वरची पापणी आपल्या जागेवरून खाली उतरून बाहुली थोडी किंवा पूर्ण झाकायला लागली की त्याला टोसिस म्हणतात, आणि ती पापणी परत वर नेण्यासाठी जे ऑपरेशन होतं ते टोसिस सर्जरी. नागपुरात लोक 'पापणी पडली' किंवा 'एक डोळा बारीक काहून दिसते' असं सांगत मेडिकल, मेयो या सरकारी हॉस्पिटलांत किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या डोळ्याच्या दवाखान्यात येतात. म्हातारपणी पापणीची कातडी सैल होऊन लोंबते ती गोष्ट वेगळी, तिथे पापणीची कड जागेवरच असते, फक्त जादा कातडी (आणि कधी चरबी) काढतात, त्याला ब्लेफेरोप्लास्टी म्हणतात. दोन्ही एकाच माणसात असू शकतं म्हणून गोंधळ होतो, पण नुसती कातडी काढून खरा टोसिस बरा होत नाही.

पापणी उचलायचं मुख्य काम लिव्हेटर नावाच्या स्नायूचं. तो खोबणीच्या मागून येतो, पुढे त्याची पातळ पांढरी कंडरा होते आणि ती पापणीतल्या टार्सस नावाच्या कडक पट्टीला चिकटते. त्याच्याच खाली म्युलरचा बारीक स्नायू असतो, तो साधारण २ मिमी उंची सांभाळतो. लिव्हेटर कमी पडला की माणूस कपाळाच्या स्नायूने भुवई ताणून भागवतो, म्हणून अशा पेशंटच्या कपाळावर आठ्या दिसतात आणि संध्याकाळी डोकं जड होतं.

या ऑपरेशनची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेचं नाव हमखास घेतलं जातं. तिचा काळ इ.स.पू. सहाव्या शतकापासून ते इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत कुठेही सांगितला जातो, आणि ज्या उत्तरतंत्रात डोळ्याचे रोग आहेत तो भाग मागाहून जोडलेला असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तिथे पक्ष्मकोपावर शस्त्रकर्म दिलंय: भुवईकडचे दोन भाग आणि केसांकडचा एक भाग सोडून मधली कातडी जवाच्या आकारात आडवी कापायची, केसाने टाके घालायचे आणि कपाळावर पट्टी बांधून टाक्यांचे धागे तिला अडकवायचे. वर्णन इतकं नेमकं आहे की वाचताना हात दिसतो. पण पक्ष्मकोप म्हणजे पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचणं, पापणी पडणं नव्हे, त्यामुळे हे टोसिसचं पहिलं ऑपरेशन म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं, पापणीच्या कातडीवरचं फार जुनं शस्त्रकर्म म्हणणं जास्त बरोबर. पापणी पडण्याच्या जवळ जातो तो 'वातहत वर्त्म', मात्र त्याच्या श्लोकाचे दोन पाठ मिळतात, एकात पापणी मिटत नाही आणि दुसऱ्यात ती मिटलेलीच राहते, म्हणजे एका पाठाने टोसिस आणि दुसऱ्याने अगदी उलट आजार. पुढे कॉर्डोबाच्या अल-झहरावीने दहाव्या शतकाच्या आसपास सैल पापणी डागण्याची आणि कातडी कापण्याची रीत लिहिली.

स्नायूलाच हात घालणं एकोणिसाव्या शतकातलं. लंडनच्या बोमन यांनी १८५७ च्या सुमारास पापणीच्या आतल्या बाजूने लिव्हेटर आखूड केला, एव्हरबुश यांनी १८८३ मध्ये बाहेरच्या कातडीतून केला, आणि आज जी पद्धत जास्त चालते ती एव्हरबुशच्या वाटेची. मांडीतली फॅशिया लाटा नावाची पट्टी काढून पापणी कपाळाच्या स्नायूला टांगायची कल्पना पायर यांची (१९०९), ती राइट यांनी १९२२ मध्ये रुळवली आणि क्रॉफर्ड यांनी १९५६ मध्ये नीट बसवली. फासानेला आणि सर्व्हा यांच्या १९६१ च्या ऑपरेशनवर तर बरीच वर्षं वाद चालला, त्यांनी आपण लिव्हेटर कापतोय असं मांडलं होतं, नंतरच्यांनी कापलेला तुकडा तपासला तर त्यात मुख्यतः टार्सस, म्युलरचा स्नायू आणि आतलं पातळ अस्तर निघालं, आणि हेच मत आता टिकलंय. पुटरमन आणि उरिस्ट यांनी १९७५ मध्ये टार्सस शाबूत ठेवून फक्त म्युलर आणि अस्तर काढायची रीत दिली.

कोणतं ऑपरेशन करायचं हे पापणी किती पडली यापेक्षा लिव्हेटरमध्ये दम किती उरलाय यावर ठरतं, आणि हे मोजायला एक पट्टी आणि एक अंगठा पुरतो. भुवई अंगठ्याने दाबून धरायची म्हणजे कपाळ मदत करणार नाही, पेशंटला पार खाली बघायला लावायचं, मग पार वर, आणि पापणीची कड किती मिमी सरकली ते वाचायचं. निरोगी माणसात हे १२ ते १५ मिमी किंवा जास्त येतं, ८ च्या वर असेल तर लिव्हेटर बरा, ५ ते ७ मध्यम, ४ किंवा कमी म्हणजे स्नायूवर भरवसा नाही, मग कपाळाला टांगणं. टॉर्चचा ठिपका बाहुलीवर जिथे चमकतो तिथून पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर एरवी ४ ते ५ मिमी असतं, तेही लिहून ठेवतात. म्युलरला आकसवणाऱ्या फिनाइलेफ्रिन या औषधाचा थेंब टाकून पापणी चांगली वर आली तर आतून म्युलरचं छोटं ऑपरेशन चालतं. दुसऱ्या डोळ्याकडेही बघायलाच हवं, कारण दोन्ही पापण्यांना मेंदूतून सारखाच जोर जातो, पडलेली उचलली की तो जोर कमी होतो आणि चांगली वाटणारी दुसरी खाली उतरते.

आधी कारण शोधणं फार गरजेचं, कारण काही पापण्यांना चाकू लावायचाच नसतो. विदर्भात हे जास्तच लक्षात ठेवावं लागतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, दंश बहुतेक दुखत नाही, खूण पण सापडत नाही, आणि पहाटे पोट दुखून दोन्ही पापण्या जड होतात, इथे एक मिनिट न घालवता प्रतिविष आणि श्वासाची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. नागाच्या विषाने पण पापण्या पडतात, त्यात निओस्टिग्मिन या औषधाचा चांगला उपयोग होतो, मण्यारीत कमी. सकाळी बरी आणि संध्याकाळी पडलेली पापणी मायस्थेनियाची (स्नायू लवकर थकण्याच्या आजाराची) असू शकते, त्यात बर्फ २ मिनिटं ठेवून पापणी वर येते का बघतात. आणि अचानक पडलेली पापणी, सोबत मोठी झालेली बाहुली आणि डोकेदुखी म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो, ती इमर्जन्सी.

मोठ्यांचं ऑपरेशन जागेपणी, फक्त पापणीला इंजेक्शन देऊन होतं. घडीच्या जागी चीर, पापणीतल्या पातळ पडद्यामागची पिवळी चरबी दिसली की तिच्या खाली कंडरा, ती पुढे ओढून टार्ससला टाके, मग पेशंटला टेबलावरच उठून बसायला लावतात आणि उंची, गोलाई बघून टाका सैल-घट्ट करतात. इंजेक्शनमधल्या अॅड्रेनलिनने म्युलर आकसून पापणी खोटीच वर दिसते, हा हिशोब सर्जनला मनात धरावा लागतो.

लेकरांना पूर्ण भूल लागते, आणि इकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच असल्याने त्याआधी ती तपासणी करून घेणं शहाणपणाचं. जन्मतःच पडलेल्या पापणीने बाहुली झाकली तर मेंदू त्या डोळ्याची सवयच लावून घेत नाही आणि डोळा आळशी होतो, अशा वेळी 'मोठं झाल्यावर पाहू' म्हणून थांबणं डोळ्याला महाग पडतं. बाहुली मोकळी असेल तर मात्र ३ ते ५ वर्षांपर्यंत थांबतात, मापं नीट घेता येतात आणि मांडीची पट्टीही पुरेशी मिळते. त्याआधी करावंच लागलं तर सिलिकॉनची दोरी वापरतात, ती पुढे सैल होऊ शकते.

टांगलेली पापणी झोपेत पूर्ण मिटत नाही, हे घरच्यांना आधीच सांगावं लागतं नाहीतर पहिल्याच रात्री घाबरतात. नागपूरच्या मे महिन्यात कुलरची हवा थेट तोंडावर घेऊन झोपायची सवय असते, अशा डोळ्याचं बुबुळ त्या हवेने कोरडं पडून जखम होऊ शकते, म्हणून झोपताना मलम, दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि खाट कुलरसमोरून बाजूला. कातडीचे टाके ५ ते ७ दिवसांत निघतात, सूज उतरायला काही आठवडे जातात, उंची कमी-जास्त राहिली तर सहसा ६ ते ८ आठवडे थांबूनच परत हात लावतात, फक्त खूप वर गेलेल्या पापणीला इतकं थांबत नाहीत.